पाहुणी बाटली

आमच्या शहरात मला बाटलीवाली म्हणतात. नवीन माणूस ऐकून आधी दचकतो, मग माझ्याकडे नीट बघतो. पिकलेले केस, पायात गमबूट, गळ्यात चष्म्याची दोरी. तो आणखीच गोंधळतो. खुलासा करायचा मी केव्हाच सोडून दिलाय. ज्याला जे समजायचं ते समजू दे.

मी पाणी खात्यात नमुने गोळा करते, सव्वीस वर्षं झाली. आमचा तलाव एवढा मोठा की धुकं नसलं तरी पलीकडचा काठ दिसत नाही. त्याला तीन नद्या येऊन मिळतात. दर महिन्याला खात्याची छोटी व्हॅन घेऊन मी तिन्ही नद्यांवर जाते, ठरलेल्या जागी उतरते, बाटल्या भरते, त्यांच्यावर चिठ्ठी आणि चिकटपट्टी लावून सही करते आणि बर्फाच्या पेटीत घालून लॅबमध्ये आणून देते. काम ऐकायला सोपं आहे. करून बघा म्हणजे कळेल.

या बाटल्यांमध्ये एक पाहुणी असते. हे नाव माझं, कागदावर तिला कोरा नमुना म्हणतात. लॅबमध्ये शुद्ध केलेलं पाणी एका बाटलीतून नदीवर न्यायचं. काठावर झाकण उघडायचं, ते पाणी दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओतायचं, बंद करायचं आणि परत आणायचं. नदीचा थेंबसुद्धा तिला लागत नाही. म्हणून पाहुणी. येते, दारातून डोकावते आणि काही न घेता परत जाते. माझ्या हातावरून, कपड्यांवरून, हवेतून काही नमुन्यात पडलं असेल, तर ते पाहुणीतही पडणार. एवढ्यासाठीच ती.

खरं सांगायचं तर पाहुणीला कोणी विचारत नाही. लॅबमध्ये आधीच नमुन्यांची रांग, त्यात हिला कोण तपासणार? महिना-दोन महिने ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पडून राहते आणि मग मीच तिला ओतून टाकते. खात्यातल्या बाकीच्यांनी तिला नेणं कधीच बंद केलं. मी नाही केलं. आमच्या ह्यांना तर हसायला आयतंच कारण. "पाण्याला नदी दाखवून आणलीस का?" असं दर महिन्याला विचारतात. आणि मी कामातला काही बारकावा सांगायला लागले की हात जोडतात. "तुझं कधी चुकतच नाही बाई. एकदा तरी चुकून दाखव, मी अख्ख्या गल्लीला चहा पाजतो."

चुकत नाही, हे खरंच आहे. निदान तोपर्यंत होतं.

या वर्षी खात्याने एक नवीन तपासणी सुरू केली. त्या रसायनाचं नाव एवढं लांबलचक की आमच्या मॅडमसुद्धा कागदात बघून वाचतात. मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख. माझ्या मुलीच्या वयाच्या, मला मावशी म्हणतात, हुशार आहेत आणि नियमाला पक्क्या. त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं ते असं. कापडावर पाणी ठरू नये, तव्याला अंडं चिकटू नये म्हणून जे लावतात, तेच हे. पाण्यात गेलं की ते कुजत नाही, विरत नाही. पोटात गेलं की वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. आणि त्याचं प्रमाण एवढं कमी मोजायचं असतं की नमुना घेणाऱ्याच्या अंगावरचं थोडंसं लागलं तरी आकडा फुगतो. म्हणून नियमांचा एक कागद आला. हाताला क्रीम नको. नवे कपडे नकोत. आणि रेनकोट तर अजिबात नको, भिजलात तरी चालेल. कागदाखाली मी सही केली.

आमच्या तिसऱ्या नदीवर कापडाला असा लेप देणारा कारखाना आहे. आमचे हे तिथे एकतीस वर्षं होते, लेपाच्या टाक्यांवर. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना एक रेनकोट दिला, निळा, पाठीवर कंपनीची पिवळी खूण. ह्यांचा त्या कोटावर भारी जीव. दाराजवळच्या खुंटीवर असतो. पाऊस नसला तरी कधीकधी झटकून परत टांगतात.

पहिले निकाल आले. दोन नद्या ठीक. तिसरीचा आकडा, कारखान्याच्या खालच्या वळणावरचा, मर्यादेच्या चाळीस पट. मॅडमनी तो तीनदा वाचला. शहराच्या नळाचं पाणी तलावातून जिथे उचलतात ती जागा त्या नदीच्या मुखापासून हाकेच्या अंतरावर आहे, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. आकडा टिकला तर ती जागा बंद करून लांबच्या दुसऱ्या पंपावरून पाणी घ्यायचं, असं ठरलं. कंपनीला कागद गेला. आणि चौथ्या दिवशी कंपनीचा माणूस लॅबमध्ये हजर झाला.

त्यांचा सुरक्षा अधिकारी. इस्त्रीचा शर्ट, आवाज एकदम मऊ. मला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, आणि टेबलावर एक फोटो ठेवला. त्यांच्या कुंपणावरच्या कॅमेऱ्याने काढलेला. नदीकाठी वाकलेली बाई, हातात बाटली, अंगात निळा कोट, पाठीवर पिवळी खूण.

फोटो बघायच्या आधी मी दहा मिनिटं तोंडाचा पट्टा चालवला होता. सव्वीस वर्षांत माझ्या नमुन्याला कोणी बोट लावलेलं नाही, तुम्ही कोण मला शिकवणार, वगैरे. फोटो बघितला, गळ्यातला चष्मा चढवला आणि पुन्हा बघितला.

त्या दिवशी बारीक पाऊस होता आणि मला सर्दी झाली होती. निघताना ह्यांनी माझ्या खांद्यावर कोट टाकला, आणि मी किल्ली, पेटी, चिठ्ठ्या या गडबडीत तो तसाच घातला. काठावर पोचेपर्यंत तो अंगात आहे याचंही भान नव्हतं. भान असलं तर कोण घालेल? कागदावर सही माझीच होती ना.

अधिकारी म्हणाला, यात मावशींना दोष द्यायचा नाही, या वयात होतं असं कधीकधी. मला फटकारलं असतं तर परवडलं असतं. या 'वयात'ने माझं डोकं फिरलं. त्याची मागणी एवढीच होती की नमुना बाद करा आणि पुढच्या फेरीत पुन्हा घ्या. या नव्या तपासणीची पुढची फेरी वर्षाने. मॅडमनी विचारलं, उद्याच परत नमुना घेतला तर? तर तो हसून म्हणाला, अवश्य घ्या, सध्या दुरुस्तीसाठी आमचा कारखाना बंदच आहे.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. रागावल्या नव्हत्या, ते जास्त लागलं. मी मान खाली घातली आणि कबूल केलं की हो, कोट माझ्या अंगात होता. आणि मान खाली असतानाच मला फ्रिजचा खालचा कप्पा दिसला.

"मॅडम," मी म्हटलं, "पाहुणी आहे."

त्या अधिकाऱ्याला समजवायला थोडा वेळ लागला. त्याच दिवशी, त्याच काठावर, तोच कोट घालून मी ही बाटली उघडली होती. कोटातून काही पडलं असेल तर हिच्यातही ते असणार. हिच्यात काही नसेल, तर ते आलं नदीतून. चिकटपट्टीवर माझी सही, तारीख, वेळ, सगळं जागच्या जागी. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. मॅडमनी आणि त्याने कागदावर सह्या केल्या, वर आणखी एक सील लावलं आणि पाहुणी मोठ्या शहरातल्या लॅबकडे रवाना झाली. निकाल आठ दिवसांनी.

मी घरी गेले ती तणतणतच. हे स्वयंपाकघरात अंडी तळत होते. सगळं सांगितलं. आधी ते कोटावरून हसले, मग कंपनीचं नाव आलं तसा गॅस बंद केला. म्हणाले, तिथली माणसं वाईट नाहीत. मी म्हटलं, माणसांचं कोण बोलतंय, पाण्याचं बोलतेय. मग ते म्हणाले की चूक तुझीच असेल, मान्य कर ना एकदा. मला असल्या मिरच्या झोंबल्या की मी जेवलेच नाही. येऊ दे निकाल, मी म्हटलं. पाहुणी स्वच्छ निघाली की तुमच्या त्या इस्त्रीवाल्याला दाखवते माझं वय.

पुढचे तीन दिवस मी हेच घोकत होते. स्वच्छ निघू दे. गाडी चालवताना, बाटल्या विसळताना, झोपताना. आकडा नदीचाच असू दे, माझा नको. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. माझ्या नावाचा प्रश्न होता.

चौथ्या दिवशी दुपारी मी घरी होते. आमची मुलगी वरच्या मजल्यावर राहते, जावई जहाजावर असतात, सहा-सहा महिने येत नाहीत. नात चार महिन्यांची. मुलीला दूध पुरत नाही म्हणून बाटलीवर वाढतेय. मुलीने खाली येऊन केटलीत नळाचं पाणी भरलं, उकळलं, निवत ठेवलं, त्यात पावडर घातली, बाटली हलवली, मनगटावर थेंब टाकून बघितलं. बाळाने बाटली दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटून ओढायला लागलं. सबंध खोलीत तेवढाच आवाज होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन दिवस मी काय मागत होते? विष नदीतच असू दे, असं मागत होते. हे पाणी खराब असू दे, असं. मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी उठले आणि व्हॅनची किल्ली घेतली. तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला खात्याची खोल विहीर आहे, तिथून दोन कॅन भरून आणले आणि मुलीला म्हटलं, आजपासून बाळाला हे.

ती काही भोळी नाही. कॅन बघितला, माझं तोंड बघितलं आणि खरं काय ते सांग म्हणाली. सांगितलं. निकाल लागेपर्यंत बाहेर बोलायचं नाही असा नियम आहे, पण घरात चार महिन्यांचं पोर असताना मी नियम बघत बसणार नव्हते. ती म्हणाली, पण मी तर दर वेळी उकळून देते. दहा-दहा मिनिटं उकळते. मला सांगावं लागलं की हे उकळून जात नाही. ती बाळाकडे बघत राहिली. मी घाईघाईने म्हटलं की अजून काही सिद्ध झालेलं नाही, बहुतेक तो आकडा माझ्या कोटाचाच असेल.

"आई," तिने विचारलं, "तू चुकली असशील ना?"

माझ्या मुलीने माझ्याकडे इतक्या आशेने कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, असेन गं. नक्कीच असेन. कोट अंगात होता की नाही माझ्या?

मग घरात एक नवीनच उद्योग सुरू झाला. माझी चूक शोधायचा. मी खुर्चीत बसून तो दिवस पहिल्यापासून आठवायचे. उजव्या बाहीची कड बाटलीच्या तोंडाला लागली का? लागली असावी. झाकण मी कोटाच्या खिशात ठेवलं होतं का? मी तसं कधी करत नाही, पण सर्दी होती, ठेवलंही असेल. मुलगी विचारायची, खिशात म्हणजे आत की वर? मी सांगायचे, आत, अगदी आत. फक्त नदीच्या बाटलीचं झाकण ठेवलं असेल, पाहुणीचं नसेल, असंही आम्ही बोलून गेलो. मग लक्षात आलं की तसं झालं असेल तर पाहुणी स्वच्छ निघेल आणि आम्हाला काहीच कळणार नाही. मग ते मागे घेतलं आणि दोन्ही झाकणं खिशात घातली. एखाद्या आरोपीने आपल्यावरचा गुन्हा शाबित व्हावा म्हणून एवढी खटपट केली नसेल.

आमचे हे दोन दिवस बाजूला बसून ऐकत होते. सहाव्या दिवशी सकाळी उठले, खुंटीवरून कोट काढला, मोरीत गेले आणि आम्हा दोघींना बोलावलं. बाहीवर तांब्याने पाणी ओतलं. पाण्याचे थेंब टपटप घरंगळत खाली गेले, बाही कोरडी ठणठणीत. "बघा, काही धरत नाही," ते म्हणाले. "एवढ्या पावसात काठावर वाकली म्हणजे ह्यावरून पाणी थेट बाटलीत गेलं असणार. लेप मीच देत होतो, मला माहितेय तो किती निघतो ते. नवीन असताना तर फारच." कोट काही नवीन नव्हता, चार वर्षांचा होता. कोणीच तसं म्हटलं नाही.

मग त्यांनी कोट पिळल्यासारखा केला, पिळण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि आपले हात धुवायला घेतले. बराच वेळ धूत होते. एकतीस वर्षं हे हात त्या टाक्यांमध्ये होते, हातमोजे असायचे पण कोण घालत होतं. मी नळ बंद केला आणि टॉवेल दिला. कोट परत खुंटीवर गेला नाही, मागच्या दारी कपाटात गेला.

सातवा दिवस असाच गेला. मी कबुलीचा कागदही लिहून ठेवला होता. माझ्या निष्काळजीपणामुळे नमुना दूषित झाला, तरी मला नदीवरच्या कामातून कमी करावं, वगैरे. छान अक्षरात लिहिला. नोकरीची तीन वर्षं उरली होती, ती चिठ्ठ्या चिकटवत काढली असती, आनंदाने. त्या इस्त्रीवाल्याने माझ्या वयावर भाषण ठोकलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं.

आठव्या दिवशी साडेअकराला मॅडमनी बोलावलं. कागद पिशवीत घालून गेले. कंपनीचा अधिकारी आधीच बसलेला होता, पण त्याने फोटोबिटो काही बाहेर काढलेलं नव्हतं. मॅडमनी निकाल माझ्यासमोर धरला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लपत नव्हतं.

"मावशी, पाहुणी स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "काहीही नाही तिच्यात. तुमचं काही चुकलेलं नाही."

मी खुर्ची न बघताच बसले, नशीब ती तिथे होती. अधिकारी उठला, मला म्हणाला की माझ्या कामाबद्दल त्याला आदर आहे, आणि फोन लावत बाहेर गेला. मॅडम भराभरा पुढचं सांगत होत्या. संध्याकाळपासून नदीच्या मुखाजवळचा पंप बंद. नळाचे नमुने उद्याच जाणार, किती वर्षं हे पाण्यात जात होतं ते शोधणार, ज्या घरांत लहान मुलं आहेत तिथे आधी टँकर. लगेच कोणाला काही होत नाही, घाबरू नका, हेही त्यांनी सांगितलं, आणि त्या उगाच धीर देणाऱ्यांतल्या नाहीत. बाकीचे आत आले, कोणी पाठ थोपटली. कोणीतरी म्हणालं, आता आम्हीही पाहुणी न्यायला लागतो. चहा आला. मी कप हातात धरून बसले होते. तो कोणत्या पाण्याचा आहे हे कोणाच्याच ध्यानात नव्हतं. मी तो तसाच टेबलावर ठेवला.

पिशवीतला कागद मी व्हॅनमध्ये बसून फाडला. मग अर्धा तास तिथेच बसले. खोटं कशाला सांगू, रडले. सव्वीस वर्षं ज्याचा तोरा मिरवला ते माझं बरोबर असणं त्या दिवशी मला नको होतं, आणि तेच नेमकं पदरात पडलं.

घरी दार उघडंच होतं. हे बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते. मुलगी ओट्यापाशी कॅनमधून केटलीत पाणी ओतत होती. दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं. रस्ताभर मी काय बोलायचं ते जुळवून आणलं होतं, मॅडमचं घाबरू नका, टँकर, पंप बंद झाल्याचं, सगळं. त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. पण त्यांना कळलं. मुलीने केटली खाली ठेवली आणि बापाच्या खांद्यावरून बाळ आपल्याकडे घेतलं.

हे दारापर्यंत आले आणि त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. मला वाटलं आता काहीतरी चेष्टा करतील, घर सावरायला म्हणून. करायला हवी होती.

"एकदा," ते म्हणाले. "एकदा तरी चुकायचं होतंस गं."

मग माझ्या खिशातून व्हॅनची किल्ली काढून घेतली, रिकामा कॅन उचलला आणि मला म्हणाले, चल, ती विहीर कुठे आहे ते दाखव.